ड्रायरच्या पाइपातला लिंट घरच्या घरी कसा काढायचा (कोल्हापूरच्या पावसाळ्यात ड्रायर वापरणाऱ्यांसाठी)

जून लागला की कोल्हापुरात कपडे वाळणं बंद होतंय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पंख्याखाली टाकलेली जीन्स तिसऱ्या दिवशी पण दमटच लागते, वर त्या कुबट वासानं परत धुवायची पाळी येते. म्हणून आमच्यासारख्या बऱ्याच घरांनी ड्रायर घेतला. घेताना दुकानात एकच गोष्ट सांगतात, दारातली जाळी दर वेळी साफ करा. ते बरोबरच आहे, पण ती जाळी सगळा लिंट, म्हणजे कपड्यांची सुटलेली बारीक लव, धरत नाही, थोडा थोडा पुढं निसटतो आणि मागच्या पाइपात, वळणावर, भिंतीबाहेरच्या तोंडाशी साचत जातो. तिकडं कोण बघतच नाही, कारण तो भाग मशीनच्या मागं असतो आणि मशीन तर चालू असतंय.

हे काम मी आमच्या घरी स्वतः करतो आणि ओळखीतल्या लोकांच्या घरी जाऊन पण करून दिलंय. अवघड अजिबात नाही, पण कुठनं सुरू करायचं आणि काय करायचं नाही हे कोणीतरी सांगायला पाहिजे, म्हणून सगळं क्रमानं लिहितोय.

आधी बघा, तुमच्याकडं नेमका कुठला ड्रायर आहे

सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या शेजारच्या टबला पण आपण ड्रायरच म्हणतो. तो फक्त कपडे गरागरा फिरवून पाणी काढतो, त्यात हीटर नसतो आणि हवेचा पाइपही नसतो, त्यामुळं तो असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

हीटरवाल्या ड्रायरमध्ये व्हेंटेड, कंडेन्सर आणि हीट पंप असे तीन प्रकार येतात. ज्याच्या मागनं किंवा बाजूनं साधारण ४ इंची, म्हणजे १०० मिमीचा जाड नळीसारखा पाइप निघतो आणि गरम दमट हवा बाहेर फेकतो तो व्हेंटेड. पाणी टाकीत जमा होत असेल किंवा बारीक नळीनं मोरीत जात असेल तर तो कंडेन्सर नाहीतर हीट पंप. पुढच्या पायऱ्या मुख्यतः व्हेंटेडसाठी आहेत, बाकीच्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय.

पाइप तुंबलाय हे कसं ओळखायचं

सगळ्यात पहिलं लक्षण म्हणजे वेळ. आधी जेवढ्या टायमात कपडे वाळायचे तेवढ्यात वाळत नाहीत, टॉवेलच्या कडा आणि जीन्सचे खिसे ओले राहतात. मग घरातली माणसं काय करतात तर टायमर वाढवतात, आणि नेमकं तेच करायचं नाही. हवा बाहेर जात नसताना टायमर वाढवला तर हीटर तेवढाच जास्त वेळ तापत राहतो, कपडे शिजल्यासारखे गरम होतात पण वाळत नाहीत.

दुसरं, मशीनचा पत्रा हाताला नेहमीपेक्षा जास्त गरम लागतो. तिसरं, जिथं ड्रायर ठेवलाय त्या खोलीच्या खिडकीच्या काचेवर पाणी धरतं, भिंतीला बुरशीचे काळे ठिपके येतात. चौथं, मशीन मध्येच बंद पडतं आणि थोड्या वेळानं परत चालू होतं. ते थर्मोस्टॅटनं केलेलं असतं, आतली उष्णता हद्दीबाहेर गेली म्हणून. आणि जळका वास आला तर पुढचं काही वाचत बसू नका, मशीन बंद करा, प्लग काढा.

सर्वात खात्रीची खूण मात्र बाहेरच्या तोंडाशी मिळते. ड्रायर चालू असताना तिथं वर्तमानपत्राची एक पट्टी धरा. चांगली फडफडली पाहिजे. नुसती हलली किंवा हललीच नाही तर पाइप तुंबलाय, बाकी काही तपासायची गरज नाही.

हे आधी बघा असं मी कळकळीनं सांगतोय, कारण कपडे वाळत नाहीत म्हणून लोक सरळ हीटर बदलून घेतात. आमच्या ओळखीच्या एका घरात असंच झालं, दुरुस्तीवाला आला, हीटर बदलून गेला, कपडे तरी ओलेच. पाइप उघडला तर आत हवा जायला जागाच नव्हती.

एवढं महत्त्वाचं का आहे

५ किलो सुती कपडे स्पिन होऊन बाहेर आले तरी त्यांच्यात अडीच-तीन लिटर पाणी राहिलेलं असतंय. ते सगळं पाणी वाफ होऊन त्या एका पाइपातनं बाहेर जायचंय. वाट नसेल तर ते तुमच्या घरात राहणार, आणि पावसाळ्यात आपल्या घरात आधीच ओल कमी नसते.

दुसरी गोष्ट आगीची. लिंट म्हणजे सुटा झालेला कापूस आणि सिंथेटिक दोऱ्याची बारीक लव, वाळलेला असला की त्याला एक ठिणगी पण पुरते. इचलकरंजीत मागावर काम केलेल्या कुणालाही विचारा, उडणारा कापूस साचू द्यायचा नाही हे तिथं पहिल्यापासून शिकवतात. अमेरिकेत ड्रायर घरोघरी आहेत, तिथल्या सरकारी फायर अ‍ॅडमिनिस्ट्रेशननं २००८ ते २०१० या वर्षांचा अंदाज काढला होता की वर्षाला साधारण २,९०० घरांत ड्रायरमुळं आगी लागतात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण होतं साफसफाई न करणं, ३४ टक्के. आपल्याकडं ड्रायर आत्ता आत्ता वाढायला लागलेत, तर सवय पण आत्ताच लावून घेतलेली बरी.

काय काय जवळ ठेवायचं

मशीनचं माहितीपुस्तक, बिल आणि वॉरंटी कार्ड आधी काढून ठेवा. वॉरंटी चालू असेल तर मशीनचा पत्रा, म्हणजे मागचं किंवा पुढचं कव्हर, स्वतः उघडू नका, वॉरंटी जाऊ शकते. पाइप काढणं आणि साफ करणं हे कव्हर न उघडता होतं. अपार्टमेंटमध्ये असाल आणि बाहेरच्या भिंतीवर काही काम करायचं असेल तर सोसायटीला आधी सांगा.

सामान असं:

- स्क्रू ड्रायव्हर (चपटा आणि फुलीचा दोन्ही)
- टॉर्च, मोबाइलचा चालतो
- जाड हातमोजे, पत्र्याच्या कडा हात कापतात
- मास्क आणि डोळ्यांना चष्मा
- व्हॅक्यूम क्लीनर, त्याचं चपटं निमुळतं तोंड लागेल
- लांब दांड्याचा मऊ ब्रश, बाटली धुवायचा मोठा ब्रश पण चालेल
- नायलॉनची दोरी आणि जुना सुती टॉवेल
- अ‍ॅल्युमिनियम फॉइल टेप
- नवीन होज क्लिप (पाइपाच्या जोडावर आवळायची गोल पट्टी), जुन्या गंजलेल्या असतात
- जुनी चादर, खाली अंथरायला

पाइप लांब असेल तर ड्रिलला जोडायचा रोटरी ब्रश येतो, एकात एक अडकवायच्या लवचीक काड्या असतात, ऑनलाइन मिळतो. कॉम्प्युटरची धूळ उडवायचा हातातला ब्लोअर घरात असेल तर तो पण काढून ठेवा. क्लिप, टेप, पाइप हे लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानांत बघा, आणि पत्र्याचा सरळ पाइप मापानं करून घ्यायचा असेल तर शिवाजी उद्यमनगरात पत्र्याचं काम करणाऱ्यांकडं माप घेऊन जा.

१. प्लग काढा आणि मशीन गार होऊ द्या

नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधनं बाहेर काढायचा. नुकतेच कपडे वाळवले असतील तर तासभर थांबा. या वेळात सॉकेट बघून घ्या. २००० वॅटचा ड्रायर साडेआठ-नऊ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचाच मोठा सॉकेट पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्डवर ड्रायर चालवत असाल तर ते आजच बंद करा. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील किंवा सॉकेट वितळल्यासारखा दिसत असेल तर पाइपाच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

२. जाळी आणि जाळीचा खड्डा

जाळी बाहेर काढा, लिंट बोटानं गुंडाळत सोलून घ्या. मग जाळीवर नळाचं थोडं पाणी ओता. पाणी सरळ खाली गेलं तर जाळी चांगली. पाणी वरच थांबलं तर फॅब्रिक कंडिशनरचा बारीक थर बसलाय, तो डोळ्यांना दिसत नाही पण हवा अडवतो. कोमट पाणी, थोडं भांडी घासायचं लिक्विड, मऊ ब्रश, आणि पूर्ण वाळवूनच परत बसवायची. जाळी फाटली असेल तर नवी घ्या. एक दिवस चालतंय म्हणून जाळीशिवाय ड्रायर फिरवायचा नाही, सगळा लिंट पंख्यावर आणि पाइपात जातो.

जाळी जिथं बसते त्या खड्ड्यात टॉर्च मारून बघा. तिथं बराच माल असतो, कधी नाणी, हेअरपिना पण निघतात. व्हॅक्यूमचं चपटं तोंड घालून ओढून घ्या, जिथं पोचत नाही तिथं ब्रश. जोर लावून आत ढोसू नका, ढोसलेलं पुढं पंख्यात जातंय.

ड्रमच्या आत जाळीजवळ दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या दिसल्या तर तो ओलाव्याचा सेन्सर आहे, सगळ्या मॉडेलला नसतो. त्याच्यावर पण कंडिशनरचा थर बसतो आणि मग मशीन कपडे ओले असतानाच थांबतंय. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्यानं पुसून घ्या.

३. मशीन पुढं ओढणं

फरशीवर असेल तर जुनी चादर खाली सरकवून ओढा. वॉशिंग मशीनच्या वर स्टँडवर बसवलेलं असेल किंवा भिंतीला टांगलेलं असेल तर एकट्यानं हात घालू नका, दुसरा माणूस घ्या. आणि ओढायच्या आधी मागं डोकावून पाइप किती लांब आहे बघा, एकदम ओढलं तर पाइप फाटतो. काढायच्या आधी मोबाइलवर मागचा फोटो काढून ठेवा, परत बसवताना कामाला येतो.

४. पाइप सोडवा आणि काय लावलंय ते नीट बघा

क्लिप सैल करा, पाइप मशीनपासनं आणि भिंतीपासनं वेगळा करा. मशीनच्या तोंडाशी हाताला लागेल तेवढा लिंट काढून व्हॅक्यूम मारा.

आता पाइप बघा, कारण आपल्याकडं बसवताना वाट्टेल ते लावतात. पातळ प्लास्टिकचा, स्प्रिंगवाला पांढरा पाइप असेल तर साफ करत बसू नका, टाकून द्या. तो गरम हवेनं मऊ पडतो, त्याच्या प्रत्येक घडीत लिंट धरतो आणि पेट घेतला तर पाइपच पेटतो. संडास-बाथरूमच्या कामातला उरलेला पीव्हीसी पाइप लावलेला पण मी बघितलाय, तो पण नको. सगळ्यात चांगला सरळ, आतनं गुळगुळीत पत्र्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कडक पाइप. ते जमत नसेल तर जाड अ‍ॅल्युमिनियमचा, वाकवला की तसाच राहणारा. चॉकलेटच्या चांदीसारखा पातळ फॉइलचा पाइप लगेच चेपतो आणि फाटतो.

आणि एक फार धोक्याची गोष्ट, काही ठिकाणी ड्रायरचा पाइप स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या पाइपाला जोडलेला असतो, भिंतीला एकच भोक पाडावं लागलं म्हणून. चिमणीच्या पाइपात तेलाचा चिकट थर असतो, त्याच्यावर लिंट जाऊन बसला तर आगीला अजून काय पाहिजे? असं असेल तर ड्रायर वापरणं थांबवा, वेगळी वाट करून घ्या, मगच चालू करा.

५. पाइप साफ करणं

लहान, दीड-दोन मीटरचा पाइप असेल तर सगळ्यात सोपं. गच्चीवर किंवा अंगणात न्या, मास्क लावा, उभा धरून हलक्या हातानं थापटा, दोन्ही तोंडांनी ब्रश फिरवा. मग दोरीला जुना टॉवेल गच्च बांधा, दोरीचं दुसरं टोक पाइपातनं पलीकडं काढा आणि टॉवेल ओढून घ्या. दोन-तीनदा ओढला की आतनं स्वच्छ. पाण्यानं धुवू नका असं नाही, पण धुतला तर आतनं पूर्ण कोरडा झाल्याशिवाय बसवायचा नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी लिंट चिकटायला लागतो, आणि पावसाळ्यात तो कोरडा व्हायला वेळ लागतोय. त्यापेक्षा कोरडंच साफ करा.

भिंतीतनं किंवा छताखालनं लांब गेलेला कडक पाइप असेल तर रोटरी ब्रश. इथं एक नियम पाळाच: ड्रिल नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच फिरवायचं, आत घालताना पण आणि बाहेर काढताना पण. उलटं फिरवलं की काड्यांचे आटे सुटतात आणि ब्रश पाइपाच्या मधोमध अडकून बसतो, मग भिंत फोडायची वेळ. वेग कमी ठेवा, एक एक काडी जोडत पुढं जा, मध्ये मध्ये ओढून ब्रशवरचा लिंट काढा. पातळ फॉइलच्या पाइपात हा ब्रश घालू नका, फाटून चिंध्या होतात.

ब्लोअर वापरायचा तर मशीन पूर्ण वेगळं केलेलं असताना, आणि घरातल्या तोंडातनं बाहेरच्या दिशेला. बाहेरनं आत मारलात तर सगळं घर लिंटनं भरेल. आणि बाहेर खाली शेजाऱ्यांचे कपडे, पापड-कुरडया वाळत घातलेल्या नाहीत ना ते आधी बघा.

६. बाहेरचं तोंड

खरी गोम बहुतेक वेळा इथंच असते. आपल्याकडं पावसाचा मारा पश्चिमेकडनं, नैर्ऋत्येकडनं येतो. तोंड त्या भिंतीला असेल आणि वर खाली वाकलेलं टोपण नसेल तर पाणी आत जातंय, आणि पाणी लागलेला लिंट वाळला की गणपतीच्या मूर्तीच्या कागदी लगद्यासारखा कडक होतो, ब्रशनं पण निघत नाही, खरवडून काढावा लागतो.

तोंडाला झडप असेल तर ती हातानं उघड-झाक करून बघा, कडेला लिंट धरून ती अर्धवट उघडी राहते. झडप नसेल तर पारवा, पाल, कुंभारीण माशी यातलं कोणीतरी आत घर करतंच. अंडी-पिल्लं असतील तर थोडे दिवस थांबा, तोपर्यंत ड्रायर बंद ठेवा.

डास आणि पारव्यांच्या भीतीनं लोक तोंडाला मच्छरदाणीची जाळी लावतात. हा सगळ्यात जास्त दिसणारा घोटाळा आहे. आतली जाळी जो लिंट सोडते तो सगळा बाहेरच्या जाळीवर अडकतो आणि बघता बघता वाट बंद. जाळी काढून टाका, त्याऐवजी झडपवालं, खाली तोंड असलेलं हूड बसवा.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिडकीतनं वाकून, गॅलरीच्या कठड्यावर चढून हे करायचं नाही. आतनं जेवढं होतंय तेवढं करा, बाहेरच्या तोंडासाठी उंचीवर काम करणारा माणूस बोलवा आणि त्यानं पट्टा लावल्याशिवाय त्याला पण काम करू देऊ नका.

७. परत बसवताना

पाइप जेवढा लहान आणि सरळ तेवढा कमी तुंबतो. जास्तीचा पाइप वेटोळं करून मागं कोंबू नका, कापून टाका. अमेरिकेतल्या नियमात पाइपाची जास्तीत जास्त लांबी साधारण ३५ फूट धरतात आणि काटकोनातल्या प्रत्येक वळणाला त्यातनं ५ फूट वजा करतात, यावरनं एक वळण हवेला किती जड जातंय ते कळेल. तुमच्या मशीनची मर्यादा त्याच्या पुस्तकात दिलेली असते, ती पाळा.

पाइपाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या, म्हणजे आत साठलेलं पाणी बाहेर जाईल, मशीनकडं येणार नाही. जोड होज क्लिपनं आवळा आणि वरनं फॉइल टेप गुंडाळा. कापडी डक्ट टेप उष्णतेनं सुटते. आणि जोडाला स्क्रू मारू नका, स्क्रूचं टोक आत येतं आणि लिंट तिथंच अडकायला सुरुवात होते.

मशीन मागं ढकलताना भिंतीपासनं वीतभर जागा सोडा. एवढं सगळं साफ करून शेवटी मशीन ढकलताना पाइप चेपला तर काय उपयोग? टॉर्च मारून खात्री करा.

८. तपासणी

प्लग लावा, रिकाम्या मशीनवर गार हवेचा प्रोग्रॅम असेल तर तो, नाहीतर कमी तापमानावर पंधरा मिनिटं चालवा. बाहेर जाऊन पट्टी धरून बघा, झडप पूर्ण उघडली पाहिजे. मागच्या जोडाजवळ हात फिरवा, गरम हवा लागली तर क्लिप परत आवळा. पहिल्यांदा बाहेर थोडा लिंट उडतो, ते ठीक आहे. हवा चांगली येतीये आणि तरी कपडे वाळत नाहीत असं असेल तर आता हीटर, थर्मोस्टॅट किंवा थर्मल फ्यूज बघायला कंपनीचा माणूस बोलवा. थर्मल फ्यूज उडाला असेल तर काहीजण तो काढून तारा सरळ जोडून देतात, तसं कोणालाही करू देऊ नका. आग लागू नये म्हणून ठेवलेला तो शेवटचा पहारेकरी आहे.

निघालेला लिंट मोरीत सोडू नका, मोरीची जाळी तुंबते. बंब पेटवायला पण वापरू नका, भस्सकन पेटतो आणि त्यात सिंथेटिक दोरा असतो त्याचा धूर वाईट. पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या.

कंडेन्सर आणि हीट पंपवाल्यांसाठी

तुमच्याकडं बाहेर जाणारा पाइप नाही, पण लिंट आहेच. जाळ्या बहुतेक वेळा दोन असतात, दोन्ही काढा. कंडेन्सरमध्ये खालच्या झाकणामागं एक ठोकळा असतो, बऱ्याच मॉडेलमध्ये तो बाहेर काढून नळाखाली धुता येतो. हीट पंपमध्ये तिथं बारीक पातळ पात्या असतात, त्या बाहेर येत नाहीत. मऊ ब्रशनं पात्यांच्या दिशेनंच, वरनं खाली, हलक्या हातानं. त्या लगेच वाकतात आणि बोटं कापतात, हातमोजे घालाच. ज्यांचं धुणं-वाळवणं एकाच मशीनमध्ये आहे त्यांच्यात लिंट बराचसा पाण्याबरोबर जातो, त्यांनी खालचा पंपाचा फिल्टर बघायचा.

ड्रायरमध्ये काय घालायचं नाही

तेल लागलेलं काहीच नाही. तालमीत जाणाऱ्या पोरांचे मालिशचे टॉवेल, बाळाच्या तेलाची दुपटी, स्वयंपाकघरातलं तेल पुसायचं फडकं, वर्कशॉपमधले ऑइल-डिझेलचे कपडे. एकदा धुतलं तरी तेल पूर्ण जात नाही आणि गरम कपड्यांचा ढीग तसाच पडून राहिला तर ते तेल आपलं आपण तापत जातं. हे कपडे दोरीवरच. रबर आणि फोम पण नको. प्रोग्रॅम संपताना मशीन काही मिनिटं गार हवा मारतं, ते मध्येच बंद करू नका, आणि संपल्यावर कपडे बाहेर काढून पसरा. रात्री लावून झोपणं किंवा लावून बाहेर जाणं हे पण बंद करा.

आत पेटल्यासारखं वाटलं तर दार उघडायचं नाही, दार उघडलं की हवा मिळते. मेन स्विच बंद, घरातली माणसं बाहेर, १०१ किंवा ११२ ला फोन.

पुराचं पाणी घरात येत असेल तर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ज्यांच्या घरात पाणी आलं, शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा खालचा भाग, दुधाळी, त्यांना हे माहिती आहे. ड्रायर पाण्यात बुडला असेल तर बाहेरनं सुकलेला दिसला तरी चालू करू नका, मोटर आणि वायरिंगमध्ये गाळ असतो, तपासून घेतल्याशिवाय प्लग लावायचा नाही. पाइप मात्र धुवत बसू नका, नवीनच घाला. पंचगंगेची पातळी वाढायला लागली की ड्रायर वर उचलून ठेवायच्या सामानाच्या यादीत आधीच लिहून ठेवा, आणि पाइप काढला की भिंतीतलं भोक आतनं बंद करा.

कधी करायचं

जाळी दर वेळी, जाळी धुणं महिन्याला एकदा. पूर्ण पाइप वर्षातनं दोनदा. पहिल्यांदा मे महिन्यात, मृग लागायच्या आधी, कारण उन्हात पाइप वाळवायला सोपं जातं आणि पुढं चार महिने मशीनला सुट्टी नाही. दुसऱ्यांदा नवरात्राच्या धुण्यानंतर. दसऱ्याच्या आधी आपल्याकडं घरातल्या वाकळा, चादरी, पडदे सगळंच धुवून निघतंय आणि तेव्हा पाऊस पूर्ण गेलेला नसतो, म्हणून बरंच काही ड्रायरमध्ये जातं. जुन्या लुगड्यांची वाकळ जेवढा लिंट सोडते तेवढा दुसरं काहीच सोडत नाही. ड्रममध्ये मोकळी फिरत नसेल तर ती घालूच नका, आणि घातलीच तर मध्ये एकदा मशीन थांबवून जाळी साफ करा. नवीन टॉवेल आणि सोलापुरी चादरींना पण पहिल्या काही धुण्यांत हेच करायचं. पाइप साफ केला की तारीख मार्करनं मशीनच्या बाजूला लिहून ठेवा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाला पण कळतंय पुढची पाळी कधी आहे.